चाळीस ग्रेन

नेमबाजीच्या रेंजवरची माझी अटॅचमेंट, म्हणजे तात्पुरती नेमणूक, तीन आठवड्यांची होती. मूव्हमेंट ऑर्डरवर अंबरनाथ असं लिहिलेलं होतं. मी ते दोनदा वाचलं. सैन्यात गेल्यापासून मला उत्तरेतली दोन ठिकाणं मिळाली होती आणि दोन्हीकडे थंडीत नळ गोठायचे. आता घरापासून सात किलोमीटरवर जायचं होतं. बदलापूरला, कात्रपच्या घरी फोन केला तेव्हा आई म्हणाली, “मग रोज जेवायलाच ये की.”

“आई, पोस्टिंग आहे ती.”

“बरं. मग डबा पाठवू?”

रेंजचं नेमकं ठिकाण लिहीत नाही. ती सवय अजून गेलेली नाही. डोंगराच्या पायथ्याला पन्नास मीटरची छोटी रेंज होती, मागे गोळ्या अडवायला मातीचा उंच बट, बाजूला दोन बराकी आणि कोत, म्हणजे शस्त्रागार. एवढं पुरे.

मी मिलिटरी पोलिसात शिपाई होते. आता नाही. गुडघ्याच्या दुखापतीनंतर मेडिकल बोर्डानं मला घरी पाठवलं. लोक विचारतात, बॉर्डरवर काय केलंस? बहुतेक वेळ मी गेटवर उभी राहून गाड्यांचे नंबर लिहीत होते. हे उत्तर कुणाला आवडत नाही. म्हणून ही दुसरी गोष्ट सांगते. यात एक जुनी शिकारी रायफल आहे, तीन माणसं आहेत आणि गोळीचं वजन आहे.

तीन माणसं अशी. पहिली लान्स नाईक शैला. वांगणीच्या शेतकऱ्याची मुलगी, आमची शूटर. दुसरी मी. राखीव शूटर, आणि काम अ‍ॅम्युनिशन सांभाळायचं. तिसरे हवालदार आनंदा शेवाळे. ते इन्फन्ट्रीचे, माणदेशातले, आम्हाला कोच म्हणून दिलेले. सैन्यात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. आम्हीही तेच म्हणायचो.

तीन आठवड्यांनी त्याच रेंजवर मॅच होती. पॉइंट टू टू बोअरची रायफल, ओपन साइट म्हणजे दुर्बिणीशिवाय नेम, पडून साठ राऊंड. सहाशेपैकी पाचशे चाळीस आले तर मुलींची टीम पुढे चालू राहणार होती. नाही आले तर टीम बंद, आणि आम्ही दोघी परत गेटवर. आमच्यासाठी हा वेळ उस्तादांनी स्वतः लिहून मागितला होता. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “मी सही केलीया. सहीच्या मागं माणूस उभा ऱ्हावा लागतो.”

रायफल मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा निराश झाले. मला काळी, कोनाकोनांची, टारगेट रायफल असेल असं वाटलं होतं. ही अक्रोडाच्या लाकडाची, बोल्ट अ‍ॅक्शन, दस्त्यावर ओरखडे असलेली स्पोर्टिंग रायफल होती. कुठल्याशा काळी ससे आणि तितर मारायला बनवलेली. शिकार बंद झाली आणि ती स्टोअरमध्ये राहिली. ओपन साइटच्या मॅचमध्ये अशीच रायफल चालते.

शैलानं तिला लगेच खांद्याला लावलं. “माझ्या आजाकडं ठासणीची होती. डुक्कर शेतान शिरला का बार काढायचा. लागायचा नाय कदी. पन डुक्कर पलायचा.”

“आणि आजा?”

“तो पन पलायचा.”

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी माझ्यासमोर तीन प्रकारचे राऊंड ठेवले. “इंग्लिश शाळा ना तुजी? वाच डबं.”

मी वाचलं. पहिला डबा अडतीस ग्रेन, हाय व्हेलॉसिटी, टोकाला खळगा. दुसरा चाळीस ग्रेन, हाय व्हेलॉसिटी. तिसरा चाळीस ग्रेन, स्टँडर्ड. ग्रेन हे वजन आहे. साडेपंधरा ग्रेन म्हणजे साधारण एक ग्रॅम. चाळीस ग्रेनची गोळी म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर, एखाद्या नाजूक अंगठीएवढी.

“कोणची घ्यायची?” उस्तादांनी विचारलं.

उत्तर माहीत आहे असं मला वाटत होतं. “हलकी आणि वेगाची, उस्ताद. सरळ जाईल.”

“रायफलीला इचारलंस?”

मग पाच दिवस आम्ही रायफलीला विचारलं. ०५३० पीटी, ०६३० रेंज. प्रत्येक डब्यातले दहा-दहा राऊंड, रायफल रेतीच्या पिशवीवर टेकवून, एकाच पॉइंटवर. मी टारगेट काढून आणायची आणि सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायची. उस्ताद मोजपट्टीवर नाक टेकवून बघायचे. माझ्यावर अविश्वास नव्हता, चष्मा लावायचा नव्हता.

हलक्या वेगवान गोळीची भोकं रुपयाएवढ्या जागेत मावली नाहीत. कारण त्यांनी नंतर सांगितलं, जमिनीवर काडीनं रेघ ओढून. वेगवान गोळी आवाजाच्या पुढं धावत निघते. पन्नास मीटर जाता जाता ती दमते आणि आवाजाच्या वेगाखाली येते. त्या सांध्यावर ती हेलकावते. स्टँडर्ड गोळी मुळातच आवाजाच्या मागून चालते, तिला तो सांधा ओलांडायचा नसतो. सशाला कशानंही मारा, पण कागदावरचा दहाचा आकडा सशापेक्षा लहान आहे.

“मग जड तेवढी चांगली?” मी विचारलं.

“जड म्हंजी लांब. लांब गोळीला जास्त फिरकी लागती. ह्या बॅरलमधी जेवढी फिरकी हाय तेवढीच हाय. भोवऱ्याला जाळी कमी गुंडाळली तर काय करतो?”

“लडखडतो,” शैला म्हणाली.

“तसंच.”

चाळीस ग्रेन स्टँडर्ड जिंकली. पाचव्या दिवशीच्या टारगेटवर दहापैकी आठ भोकं एकात एक होती. मी ते टारगेट धरून रेंजवरून जवळजवळ पळत आले. गुडघा तेव्हाच दुखायला लागला होता, पण त्याचं लक्षातच राहिलं नाही. शैलानं माझ्या हातातून कागद ओढून घेतला, “ए कॉन्व्हेंट, दाखव ना गो,” आणि भोकातून माझ्याकडे बघितलं.

पण दोन भोकं बाहेर होती. एक वर, एक खाली. उस्ताद त्या दोन भोकांकडेच बघत बसले. “आठ रायफलीची. दोन गोळीची,” ते म्हणाले. “एका डब्यात समद्या सारक्या नसत्यात. तोलाय पायजेत.”

त्या दिवसापासून ते मला नावानं हाक मारेनासे झाले. मी ‘ग्रेन’ झाले.

संध्याकाळी १७३० ला अ‍ॅम्युनिशन जमा व्हायचं. नियम सोपा आहे. जेवढे राऊंड निघाले, तेवढी उरलेले राऊंड आणि झाडलेल्यांची मागे राहणारी रिकामी पितळी खोकी मिळून बेरीज जुळली पाहिजे. एक खोकं कमी असेल तर सगळी रेंज हातांनी गवत चाळते. उस्ताद कोतच्या दारात उभे राहायचे आणि विचारायचे, “ग्रेन, रिपोर्ट. राऊंड?”

“सगळे जमा, उस्ताद.”

“खोकी?”

“सगळी जमा.”

“माणसं?”

हा प्रश्न कुठल्या नियमात नव्हता. पहिल्यांदा मी गोंधळले. मग मी म्हटलं, “तीन, उस्ताद. सगळी जमा.”

“डिस्पर्स.” म्हणजे पांगा, सुट्टी.

पहिल्या रविवारी आऊटपास मिळाला. घरी जेवले आणि पप्पांना म्हटलं, मला सोनाराचा काटा हवाय. पप्पा अंबरनाथला एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. “किती अ‍ॅक्युरसी?” असं विचारलं. मी म्हटलं, ग्रॅमचा शंभरावा भाग. त्यांनी स्कूटरची चावी घेतली.

उल्हासनगर कॅम्प एकमधे काट्यांचं एक दुकान आहे. मालक सिंधी, पांढऱ्या मिशांचे, गल्ल्यामागून उठत नाहीत. माझ्या तोंडातून शब्द निघेना म्हणून पप्पाच म्हणाले, “छोटा काटा दाखवा. पॉकेटवाला.”

“सोना है?”

“सोनं नाही,” मी म्हटलं.

“चांदी? नथ? बेटा, क्या तोलना है?”

“छोट्या वस्तू. तीन-साडेतीन ग्रॅम.”

“शादी है क्या?” त्यांनी पप्पांना विचारलं. पप्पा म्हणाले, “नाही हो साईं, नोकरी आहे.”

“नोकरी में तीन ग्राम का क्या काम?” मी काचेतले काटे बघू लागले. “चलो, लडकी सीक्रेट है.” त्यांनी हाताच्या पंजात मावणारा काटा काढला, त्यावर एक नाणं ठेवलं. आकडा थरथरत राहिला. त्यांनी वरचा पंखा बंद केला. आकडा थांबला. “देखा? पंखे का भी वजन होता है. हमेशा हवा रोक के तोलना. और ये एक मिनट में सो जाता है, बॅटरी बचाने को. फिर उठाओ, फिर झीरो करो. घबराना नहीं.”

एवढे उपयोगी कोर्स मी सैन्यातही फार कमी केले.

सोमवारी मी पूर्ण राऊंड तोलायला घेतले. खोकं, दारू आणि गोळी मिळून सगळं. बहुतेक तीन पूर्णांक तीस ते तेहतीसच्या मध्ये होते. काही सव्वीसला, काही अडतीसलाही. त्यांतले शंभर आम्ही झाडून बघितले. मधल्या गटातली भोकं जुळून आली. नेमबाजांमध्ये यावर वाद आहे, तोलून खरंच किती फरक पडतो. आमचे राऊंड स्वस्त लॉटचे होते, आमच्या कागदावर फरक पडला. आणि शैलाच्या श्वासात त्याहून जास्त पडला. राऊंड तोललेला आहे हे कळलं की ती ट्रिगरवर घाई करायची नाही.

उस्तादांनी तंबाखूचे तीन गोल डबे धुऊन आणले. हलके, मधले, जड. संध्याकाळी कोतमध्येही ते तीन वेगळेच ठेवले जायचे. कोतचा नाईक कुरकुर करायचा, पण उस्ताद सीनियर होते.

मी एकदा म्हटलं, “उस्ताद, बुडाला रंगाचा ठिपका दिला तर? मग डबा कुठलाही असला तरी चालेल.”

“कसला रंग?”

“नेल पॉलिश.”

शैला चटईवर लोळून हसली. उस्तादांनी एक राऊंड उचलून उजेडात धरला. “ही गोळी हाय का नवरी? न्हाई. डबं हायत. डबं फुरं.”

मॅचच्या आदल्या दिवशी ११०० वाजता कंपनी ऑफिसातून निरोप्या आला. उस्तादांच्या बटालियनचा सिग्नल होता. सगळ्या अटॅचमेंट रद्द, तातडीनं परत. १३१५ ची गाडी. त्यांची ट्रंक अर्ध्या तासात तयार झाली. कार्डाचा एक तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं: ३.३० ते ३.३३, शैला. मागची साइट तिसरी खाच. हात लावू नये.

“अ‍ॅम्युनिशन तुजं,” ते म्हणाले. “कुनी काय बी म्हनूदे. तू तोललंस, तुला म्हाईत. पर म्हाईत असून भागत न्हाई ग्रेन, बोलाय लागतं.”

“होय, उस्ताद.”

“हे बग, हे ‘होय’ सुदिक किती हळू.”

शैलाच्या रायफलीच्या दस्त्यावर त्यांनी दोनदा थाप मारली आणि गाडीत बसले.

त्या संध्याकाळी १७३० ला कोतच्या दारात मी एकटी उभी होते. राऊंड मोजले, तीनशे दहा, बरोबर. कोतच्या नाईकानं तीन डबे माझ्या हातातून घेतले. “ये क्या किराना है? एक ही लॉट है, एक ही डिब्बा होगा.” त्यानं मोठा लोखंडी डबा उघडला आणि पहिला तंबाखूचा डबा त्यात उपडा केला. पितळेचा खळखळ आवाज झाला. मग दुसरा.

माझ्याकडे बोलायला साधारण चार सेकंद होते. वाक्य तयार होतं. तिसरा डबा उपडा झाला. त्यानं रजिस्टर पुढे केलं आणि मी सही केली.

कोणी रिपोर्ट मागितला नाही. मी शैलालाही सांगितलं नाही. मनाला समजावलं की सकाळी लवकर जाऊन तोलेन. सकाळी कोत उघडला ०८३० ला.

मॅच ०९०० ला होती. वारा डावीकडून होता. झेंडी मधूनच सरळ व्हायची, मधूनच पडायची. आठ फायरिंग पॉइंट, शैला पाचवर. उस्तादांच्या जागी आमचे इन्चार्ज म्हणून एक कॅप्टन साहेब आले होते. भला माणूस, स्वतः शूटर. त्यांनी आमच्यासाठी खास काही मागवलं होतं आणि ते त्याच सकाळी पोचलं होतं. लहानसा डबा, सुंदर छपाई. मी वाचलं. साठ ग्रेन.

“वारा आहे ना,” कॅप्टन साहेब खुशीत म्हणाले. ते पुण्याचे, आमच्याशी मराठीत बोलायचे. “जड गोळीला वारा कमी ढकलतो. आज हे वापरा.”

शैलानं माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहिलं. जड म्हणजे लांब. लांबला फिरकी जास्त. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, “येस सर.”

०८४५. सायटर सुरू. ही सरावाची पंधरा मिनिटं, यातल्या राऊंडचे मार्क धरत नाहीत. ०८४८ ला शैलानं पहिला राऊंड झाडला. मी स्पॉटिंग स्कोपला, टारगेट बघायच्या दुर्बिणीला, डोळा लावला. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात भोक. दुसरा राऊंड उजवीकडे, काळ्या गोलाच्या बाहेर. तिसरा कुठे गेला ते आधी दिसलंच नाही, मग दिसला, वरच्या कडेला.

ते भोक गोल नव्हतं.

मी स्कोपचं फोकस परत केलं. भोक लांबट होतं, जिऱ्यासारखं. दुसरंही थोडं तसंच. गोळी टोकावर जात नव्हती, लडखडत, कुशीवर जाऊन कागद फाडत होती. कमी जाळी गुंडाळलेला भोवरा.

“सायटर आहेत, होईल सेट,” कॅप्टन साहेब मागून म्हणाले. “साइट थोडी वर घे.”

शैला पडल्या पडल्या हळूच म्हणाली, “उस्तादनं लावलीय. मी नाय हात लावत.” फक्त मला ऐकू गेलं. मग, “ए कॉन्व्हेंट. बोल ना.”

०८५१. मी उठले. गुडघ्यात कळ आली. तीन पावलं चालून सावधानमध्ये उभी राहिले.

“सर. परमिशन टू स्पीक, सर.”

“बोल.”

“सर, हे राऊंड या रायफलचे नाहीत.”

“म्हणजे?”

“भोक लांबट येतंय, सर. गोळी स्टेबल होत नाहीये. गोळी लांब आहे आणि या बॅरलमध्ये तेवढी फिरकी नाही. साइटनं काही होणार नाही. आम्हाला चाळीस ग्रेन पाहिजेत. स्टँडर्ड. आम्ही तीन आठवडे तेच झाडलेत, सर.”

इतकी लांब वाक्यं मी अधिकाऱ्यासमोर कधी बोलले नव्हते. कॅप्टन साहेब स्वतः वाकून स्कोपमधून पाहू लागले.

“कीहोल,” ते म्हणाले. नेमबाज त्या लांबट भोकाला हेच नाव देतात. “करेक्ट. आणा तुमचे चाळीस.”

“सर, अजून एक. ते तोललेले होते. काल जमा करताना मिसळले गेले. मी समोर होते आणि बोलले नाही. मला परत तोलायचेत. मॅच चालू असताना.”

“किती वेळ लागेल?”

“माहीत नाही, सर.”

“रेंज ऑफिसर हरकत घेणार नाही. शूटरशी बोलायचं नाही, राऊंड पोचवू शकतेस. पळ.”

०८५४. लोखंडी डबा उघडला. मी पॉइंट पाचच्या मागे मांडी घालून बसले. काटा काढला, झीरो केला, पहिला राऊंड ठेवला. आकडा थरथरला. तीन पूर्णांक एकोणतीस, पस्तीस, सत्तावीस. वारा. पंखे का भी वजन होता है. आईनं रविवारी दिलेला स्टीलचा डबा माझ्या पिशवीत होता, मोठा, तीन भाकऱ्या मावणारा. तो आडवा करून काटा आत ठेवला आणि उघड्या बाजूला स्वतः बसले. आकडा थांबला. तीन पूर्णांक एकतीस. चालेल.

पुढचा. सव्वीस. बाजूला. पुढचा. बत्तीस. घे. अडतीस. बाजूला. काटा झोपला. उठवला. झीरो. तीस. घे. हात आपोआप चालायला लागले. माझ्या मागे कोतचा नाईक येऊन उभा होता. काही न बोलता तो माझ्या डाव्या बाजूला बसला आणि मोठ्या डब्यातून एकेक राऊंड माझ्या बोटांशी ठेवू लागला.

०८५९. पहिले दहा, आणि सायटरला एक. मी ते शैलाच्या चटईवर ठेवले. तिनं सायटरचा शेवटचा एक झाडला. स्कोप बघायला मला वेळ नव्हता. कॅप्टन साहेबांचा आवाज आला, “दहा.”

०९००. मॅच सुरू. पन्नास मिनिटं, साठ राऊंड.

मग मला फक्त आवाज आठवतात. शैलाचा बोल्ट. पॉइंट टू टू चा बार कोरडा असतो, पाटीवर खडू मोडल्यासारखा. मी मोजायचे. तिचे दहा संपेपर्यंत माझे दहा झाले पाहिजेत. सरावात मधल्या गटातले बरेच झाडून झाले होते, म्हणून आता तीनामागे जेमतेम एक निघत होता. दुसरे दहा वेळेत पोचले. तिसरेही. चौथ्याला काटा दोनदा झोपला आणि एकदा चुकीच्या झीरोवर उठला. सहा राऊंड परत तोलावे लागले.

०९३१ ला बोल्टचा आवाज थांबला. मी मान वर केली. शैलाचा डावा हात रायफलखाली तसाच होता आणि उजवा मागे, माझ्याकडे, तळवा उघडा. माझ्याकडे चारच होते. समोर डब्यात न तोललेले दोनशेभर पडले होते. त्यातले उचलून दिले असते तर कुणाला कळलं नसतं.

मी चार दिले. तिनं चारच झाडले आणि गाल दस्त्यावर टेकवून थांबली. तिची पाठ अगदी सावकाश वर-खाली होत होती. पुढचे सहा दिले तेव्हा ०९३५ झाले होते.

शेवटचे दहा ०९४३ ला पोचले. माझ्याजवळ काम उरलं नाही. झेंडी सरळ झाली. शैला थांबली. झेंडी पडली. बार. परत सरळ. शैला थांबली. साठावा राऊंड ०९४९ ला गेला.

“सीझ फायर.”

टारगेटवरून आकडे येईपर्यंत आम्ही तिघं, शैला, मी आणि कोतचा नाईक, खोकी मोजत बसलो. करायला दुसरं काही नव्हतं. १०२० ला रेंज ऑफिसरनं वाचून दाखवलं. पॉइंट पाच, पाचशे बेचाळीस.

शैलानं मला उचललं. खरोखर उचललं, जमिनीपासून वर, दुखऱ्या गुडघ्यासकट. “दोन जास्ती गो! दोन!” कोतचा नाईक कॅप्टन साहेबांना सांगत होता, “साहब, मैंने भी तोला है.” तो अर्धं खरं बोलत होता, आणि मी ते तसंच राहू दिलं.

११४० ला उस्तादांना फोन लागला. मागे रुळांचा आवाज होता.

“किती?”

“पाचशे बेचाळीस, उस्ताद.”

“ग्रेन, रिपोर्ट. राऊंड?”

“सगळे जमा.”

“खोकी?”

“सगळी जमा.”

“माणसं?”

“दोन इथं, एक गाडीत.”

“म्हंजी किती?”

“तीन, उस्ताद. सगळी जमा.”

मग मी त्यांना डब्यांचं सांगितलं. तीन डबे उपडे होताना मी गप्प उभी राहिले, हेही.

“काल बोलली न्हाईस.”

“नाही, उस्ताद.”

“आज?”

“आज बोलले.”

“मग झालं.” ते म्हणाले. “त्ये नेल पॉलिशचं. बरोबर हुतं तुजं. लाव. पर बुडाच्या मधोमध लाव. रिमवर न्हाई.” पॉइंट टू टू मध्ये पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत, रिममध्ये असतो, पिन तिथंच आपटते. त्यांना वाटलं असावं मी विसरेन. “आन लाल नको. लाल धोक्याचा. गुलाबी आन.”

हवालदार आनंदा शेवाळे त्यानंतर अकरा आठवड्यांनी गेले. उत्तरेला, एका नाल्यात, सर्च पार्टीच्या पुढच्या जोडीत. पहाटेची वेळ होती. त्यांच्या मागचे सगळे परत आले. मी तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस. बातमी शैलानं फोनवर सांगितली. “उस्ताद गेले.” मला त्यांच्या गावी जाता आलं नाही. शैला गेली. तिनं सांगितलं, गावात पाणी टँकरचं, तरी लोकांनी रस्ता धुवून काढला होता. त्यांची मुलगी माझ्यासारखीच बोलत नाही म्हणे.

शैला आजही टीममध्ये आहे. तिच्या अ‍ॅम्युनिशनचा एकच लोखंडी डबा आहे, नियमाप्रमाणे. आतल्या काही राऊंडच्या बुडावर मधोमध गुलाबी ठिपका असतो. नव्या कोतवाल्यानं विचारलं तर जुना नाईक सांगतो, तो आमच्या रेंजचा नियम आहे.

मी बदलापूरला मुलामुलींना एअर रायफल शिकवते. तिचे छर्रे अर्ध्या ग्रॅमचे. पहिल्या दिवशी रायफल देत नाही, काटा देते, आणि पंखा बंद करते. मग तोललेल्यांत मुद्दाम एक चुकीचा छर्रा टाकते आणि वाट बघते की कोण बोलतं. लाजरी मुलं लगेच ओळखू येतात. त्यांना दिसलेलं असतं. त्यांच्यापाशी मी थोडा जास्त वेळ थांबते.

शैला रजेवर वांगणीला आली की संध्याकाळी कात्रपला येते. आई तिला भाकरी वाढते, त्याच डब्यातून. निघताना दारात चपला घालत ती विचारते, “ग्रेन, रिपोर्ट. माणसं?”

मी सांगते, “तीन. सगळी जमा.”

“डिस्पर्स,” शैला म्हणते, आणि जिना उतरते.